चूक नसलेलं चरित्र

४ नोव्हेंबर, सोमवार

उरलेला फराळ संपवायला निरुपमा आली होती. ती आमच्या मराठी वाचनालयाची चिटणीस. वय चाळीसच्या आसपास. वाचनालयात तिच्याखेरीज साठीच्या आतलं कुणी नाही, त्यामुळे सगळे तिला पोरगी समजतात आणि सगळी कामं तिच्यावर टाकतात. आज तिने एक माझ्यावर टाकलं.

"माधवकाका, नाही म्हणायचं नाही," चिवड्याची वाटी पुढे ओढत ती म्हणाली. लोक हल्ली पाककृतीची पुस्तकं आणि खुनाच्या कादंबऱ्या सोडून काही नेत नाहीत. चरित्रं-आत्मचरित्रांचं कपाट परवा उघडलं तेव्हा आतून पाल निघाली, आणि ती मुळीच घाबरलेली नव्हती. तेव्हा आता दाराशीच एक टेबल मांडायचं: 'जिज्ञासू वाचकांसाठी निवडक चरित्रे व आत्मचरित्रे'. निवड मी करायची. प्रत्येक पुस्तकावर चार ओळींचं शिफारसपत्रही मीच लिहायचं. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी उद्घाटन.

मी म्हटलं, मी साहित्यातला माणूस नाही. गोरव्याच्या कारखान्यात आयुष्यभर बेअरिंगं तपासली.

"म्हणूनच तर. साहित्यातला माणूस असता तर आपल्या मित्रांची पुस्तकं भरली असती."

"ह्यांना मित्र एकच आहे," मोहना स्वयंपाकघरातून म्हणाली.

काम घेतलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

तपासणी करायची तर माप हवं. चार-पाच दिवस विचार करून एक ठरवलं. ज्याचं चरित्र आहे त्याने आयुष्यात निदान एक ठसठशीत चूक केलेली असावी आणि पुस्तकात ती सांगितलेली असावी. चूक न केलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. कारखान्यात जो सप्लायर 'आमचा एकही पीस खराब निघत नाही' असं लिहून द्यायचा, त्याचा माल मी दोनदा तपासायचो.

कारखान्यातल्यासारखेच तीन खोके केले. पास, रीवर्क (म्हणजे दुरुस्त करून परत आणा), रिजेक्ट. मोहनाने विचारलं, माणसांच्या आयुष्याला रिजेक्ट कसं म्हणता? मी म्हटलं, आयुष्याला नाही, मालाला.

एका परिचारिकेचं आत्मचरित्र वाचलं. पहिल्याच नोकरीत ती भलत्याच रोग्याला एनिमा देते. तो पुढे तिचा दीर होतो आणि दोघंही तो विषय मरेपर्यंत काढत नाहीत. पास. पूल बांधणाऱ्या एका इंजिनियरचं चरित्र वाचलं. त्याचा पहिला पूल पडतो, दुसरा पडत नाही, पण आयुष्यभर तो दुसऱ्यावरून जाताना गाडीतून उतरून चालत जातो. पास. एका गायकाने चारशे पानं नुसते सत्कार स्वीकारले आहेत. रिजेक्ट.

परिचारिकेच्या पुस्तकाचं शिफारसपत्र लिहिलं: 'लेखिकेला आपण कुठे चुकलो ते आठवतं. ही सोय फार थोड्या आत्मचरित्रांत असते.' बरं जमलंय.

१७ नोव्हेंबर, रविवार

टेबलाची बातमी फुटली.

बडोद्याबाहेरच्या माणसाला हे समजणार नाही. इथल्या जुन्या मराठी घरांत देवघर असतं, झोपाळा असतो आणि संस्थानच्या नोकरीत असलेल्या एका पूर्वजाचं खासगी छापलेलं चरित्र असतं. ते दुकानात मिळत नाही. मुंजीत, लग्नात, साठीशांतीला येणाऱ्याच्या हातात नारळाबरोबर देतात. माझ्याकडेच दीड फळी भरली आहे. पूर्वज कुणाचाही असो, पुस्तक एकच असतं: कोवळ्या वयात पितृछत्र हरपलं, दिव्याखाली अभ्यास, सचोटी, महाराजांची मर्जी, निवृत्ती, काशीयात्रा.

आज इंदिराबाई आल्या. सासरे संस्थानच्या बांधकाम खात्यात होते. चरित्र टेबलावर ठेवून त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "वाचा. मी बसते."

मी म्हटलं, दोन दिवस लागतील.

"चालेल. चहा साखरेशिवाय."

कसंबसं चाळलं. सासऱ्यांची एकही चूक नाही. तसं सांगितल्यावर त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. "चुका पुष्कळ होत्या हो," त्या म्हणाल्या, "पण पुस्तक त्यांच्याच मुलाने लिहिलंय." रिजेक्ट.

१८ नोव्हेंबर, सोमवार

जयवंत आला. ह्याची मला काल रात्रीपासूनच कल्पना होती.

जयवंत म्हणजे मोहना म्हणते तो एक मित्र. पहिलीपासून एका बाकावर. त्याचे आजोबा धनाजीराव संस्थानच्या घोडदळात रिसालदार. बँकेतून निवृत्त झाल्यावर चार वर्षं खपून जयवंतने त्यांचं चरित्र लिहिलं, यंदाच्या दसऱ्याला छापून घेतलं. 'रिसालदार धनाजीराव यांचे जीवन व कार्य'. माझ्या प्रतीवर लिहून दिलं, 'माधवास, पहिल्या वाचकास'. तेव्हा वाचायचं राहून गेलं होतं.

बरोबर विमलवहिनी होत्या. त्या हल्ली सगळीकडे बरोबर असतात.

"माधव्या," जयवंत म्हणाला, "टेबलावर आपलं पुस्तक मधोमध ठेव. कडेला ठेवलं तर कुणाचा तरी धक्का लागून पडेल."

मी म्हटलं, इतरांना जो नियम तो तुला.

"हो तर. नियमाने मधोमध ठेव."

जाताना वहिनी दारात थांबल्या. "भावजी, ते टेबल जरा लवकर नाही का मांडता येणार? फेब्रुवारी म्हणजे फार लांब वाटतं." लेखकाच्या घरच्यांना घाई असतेच. मी म्हटलं, तारीख समितीने ठरवलीय.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

जयवंतचं पुस्तक वाचून झालं. दोन वेळा वाचलं, कारण मित्राचं आहे.

सैन्यात भरती, तलवारबाजी, घोड्याची पारख, सचोटी. दरबाराच्या हजेरीची यादीच सात पानं. चूक शोधून सापडत नाही. पान ६३ वर एक वाक्य जरा घसरल्यासारखं वाटलं: 'त्या दसऱ्यानंतर धनाजीरावांच्या अंगच्या गुणांची दखल घेऊन त्यांच्यावर चारा खात्याची स्वतंत्र जबाबदारी सोपवण्यात आली.' घोडदळातून गवताच्या गोदामात ही बढती कशी, ते कळलं नाही. पण संस्थानी कारभार मला माहीत नाही. पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह केलं.

रीवर्क. रिजेक्ट करायला हात धजला नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

८ डिसेंबर, रविवार

कमाटीबागेत जयवंतला गाठून निकाल सांगितला. वहिनी पलीकडच्या बाकावर शेंगा सोलत होत्या.

"आजोबांची एखादी चूक घाल," मी म्हटलं. "एक पान पुरे. पुरवणी म्हणून चिकटवू."

"आजोबांनी चूक केलीच नाही तर मी कुठून आणू? तुझी घालू?"

"कुठे तरी चुकलेच असतील."

"आमच्या घराण्यात चुकायची पद्धत नाही," तो म्हणाला आणि उठला. फाटकापर्यंत तरातरा गेला आणि तिथेच उभा राहिला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. राग दाखवायची ही नवी तऱ्हा असावी. वहिनी शेंगा पदरात टाकून धावत गेल्या आणि त्याचा हात धरून रिक्षाकडे घेऊन गेल्या. इतके लाड बरे नाहीत. मला वाईट वाटलं, पण नियम सगळ्यांना सारखा.

२१ डिसेंबर, शनिवार

जयवंतने चिवटपणाची हद्द केली. आज वाचनालयात आला, माझ्याशी हसून बोलला, कमाटीबागेतलं जणू घडलंच नाही. पिशवीतून पुस्तक काढून माझ्या हातात ठेवलं. "छापून आलं बघ शेवटी. पहिली प्रत तुला." आत लिहिलेलं: 'माधवास, पहिल्या वाचकास'. गेल्या आठवड्यातही एक असंच घरी देऊन गेला होता. आता माझ्याकडे पहिल्या तीन प्रती झाल्या. निवडणुकीतले उमेदवारही इतके फिरत नाहीत.

लेखक झाल्यापासून खिशात कार्डंही ठेवतो. रुमाल काढताना एक खाली पडलं. नाव, घडियाळी पोळेतला पत्ता, आणि खाली वहिनींचा फोन नंबर. स्वतःचा नंबरही देत नाही, इतका मोठा झालाय.

निघताना म्हणाला, "अप्पांना सांग, मी येऊन गेलो."

माझे वडील जाऊन बारा वर्षं झाली. हाच तिरडीला खांदा द्यायला होता. मला टोमणा जरूर मारावा, पण त्यात वडिलांना ओढू नये. पुस्तक ठेवून घेतलं.

२ जानेवारी, गुरुवार

विमलवहिनींनी नारळाच्या वड्यांचा डबा पाठवला. वर चिठ्ठी, 'टेबलाचं लक्षात असू द्या.' नोकरीत असताना सप्लायर दिवाळीला मिठाई आणायचे. एका पेढ्यालाही हात लावला नाही. डबा परत पाठवायचं ठरवलं, पण मोहनाने त्यातल्या तीन आधीच खाल्ल्या होत्या.

"तुम्हाला काहीच कसं दिसत नाही?" ती म्हणाली.

"दिसतंय. दबाव आणताहेत."

तिने चौथी वडी घेतली. "तुम्ही बेअरिंग कसं तपासायचात?"

मी सांगितलं. आधी मापाने. मग बोटाने फिरवून कानाशी धरायचं. माप बरोबर असलं तरी फिरण्याचा आवाज बदलला असेल तर समजायचं, आत काहीतरी झिजलंय.

"मग?" मोहना म्हणाली.

मी विचारलं, मग काय? ती डबा घेऊन आत गेली.

लग्नाला एवढी वर्षं झाली तरी तिचं बोलणं अर्ध्यावर सोडायची सवय गेलेली नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

उत्तरायण. दरवर्षीप्रमाणे जयवंतच्या गच्चीवर. जायचं नाही असं ठरवलं होतं, पण मोहनाने ऐकलं नाही आणि आता बरं वाटतंय की ऐकलं नाही.

घडियाळी पोळेच्या अरुंद बोळातल्या गच्च्या इतक्या जवळ की शेजाऱ्याच्या उंधियूत आपला चमचा जातो. चारी बाजूंनी 'ए काप्यो छे!' जयवंत पतंग उडवत नव्हता. वहिनींनी त्याच्या हातात फिरकी दिली होती, आणि तो ती नीट धरून बसला होता, मांजा कुणाचा आहे ह्याची चौकशी न करता.

वहिनींनी उंधियूबरोबर जिलबी आणली. जयवंतने एक उचलून उन्हात धरली आणि एकदम हसायला लागला.

"माधव्या, तुला आमच्या आजोबांची गोष्ट सांगू? कुणाला बोलायचं नाही हं."

मी म्हटलं, सांग.

"आजोबांचा घोडा. रोज सकाळी पागेत जाताना आजोबा ह्या आपल्या पोळेच्या टोकाला थांबायचे. तिथे मिठाईवाला कंदोई होता. आजोबा दोन जिलब्या घ्यायचे, एक स्वतः, एक घोड्याला. वर्षानुवर्षं. आणि आला दसरा. मिरवणूक. आजोबा घोडदळाच्या तोंडाशी, मागे सगळे स्वार. हुकूम काय, तर पुढच्यावर नजर ठेवायची, तो जाईल तिकडे जायचं. मांडवीपाशी आले. दसऱ्याच्या दिवशी कंदोयाकडे ताज्या जिलबीची कढई! घोड्याच्या नाकात वास गेला. वळला सरळ पोळेत."

"आजोबांनी आवरला नाही?"

"आवरतात कसले! मिशीला तूप लावून, छाती काढून, डोळे सरळ समोर. समोर काय आहे हे कळेपर्यंत दुकान आलं. मागून सगळे स्वार आत. त्यांच्या मागून बँडवाले, वाजवत. आणि पोळ पुढे बंद." त्याला हसू आवरेना. "घोड्याला मागे चालवता येतं, पण इतक्या घोड्यांना? बोळात? एकेकाची शेपटी धरून बाहेर काढायला संध्याकाळ झाली. पोळेतल्या बायकांना वाटलं, यंदा मिरवणूक आपल्याकडे आहे. त्यांनी प्रत्येकाला ओवाळलं! कंदोयाने सगळ्यांना जिलबी वाटली आणि हिशोब पाठवला आजोबांना. दुसऱ्या दिवशी आजोबा गवताच्या गोदामात."

मला पान ६३ आठवलं. मी फिरकीच त्याच्या हातातून काढून घेतली.

"जयवंता! हीच! हीच ती चूक! हेच तर मी महिनाभर मागतोय. हे पुस्तकात का नाही घातलंस?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. तोंडावरचं हसू अजून तसंच होतं, फक्त त्याच्यामागे कुणी नव्हतं.

"कुठल्या पुस्तकात?" तो म्हणाला.

मला वाटलं, चेष्टा करतोय. मी वहिनींकडे पाहिलं. त्या ताटातली जिलबी नीट रचत होत्या, आधीच नीट रचलेली.

१५ जानेवारी, बुधवार

तिन्ही प्रती कपाटातून काढून शेजारी शेजारी ठेवल्या. 'माधवास, पहिल्या वाचकास.' दसऱ्याच्या प्रतीवर अक्षर सरळ आहे. डिसेंबरच्या पहिल्या प्रतीवर ओळ उजवीकडे उतरत जाते. तिसऱ्या प्रतीवर सही पुरी नाही.

नमुने तीन आठवडे माझ्याच कपाटात होते.

१९ जानेवारी, रविवार

विमलवहिनींना भेटून आलो. जयवंत झोपला होता.

डॉक्टरांनी ऑगस्टमध्येच सांगितलं. पुस्तक छापायची घाई त्याचमुळे केली. पुढे काय होतं ते डॉक्टरांनी नीट समजावलं आहे. वहिनींनी मलाही नीट समजावलं, मी विचारलं म्हणून.

"मला का नाही सांगितलंत?"

"त्यांनी बजावलं होतं. माधवला सांगू नकोस म्हणाले, तो मला रिजेक्टच्या खोक्यात टाकेल." वहिनींनी डोळे पुसले. "हसत म्हणाले होते हो. तसं नका घेऊ."

मी काही तसं घेतलं नाही. कसं घेतलं ते लिहिता येत नाही.

"त्यांना एवढंच हवं होतं," वहिनी म्हणाल्या. "आपलं पुस्तक टेबलावर मांडलेलं बघायचं. लोकांनी उचलताना बघायचं. समजतंय तोवर. म्हणून मी घाई करत होते."

मग मी जिलबीची गोष्ट काढली. म्हटलं, मी लिहून काढली आहे, दीड पान होतं. पुरवणी छापून प्रतींना चिकटवू, माझा नियमही राहील आणि पुस्तकही चांगलं होईल. त्याने कुणाला बोलू नकोस म्हटलंय, एवढीच अडचण.

वहिनी हसल्या. "ती गोष्ट मला लग्नानंतर दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी सांगितली. कुणाला बोलू नकोस म्हणून. मग सासूबाईंनी सांगितली, कुणाला बोलू नकोस म्हणून. मग शेजारच्या बेननी. सगळ्या पोळेला तोंडपाठ आहे, भावजी."

"मग छापायला काय हरकत?"

"त्यांनी चार वर्षं घालवली, ते एक पान न लिहिण्यात. रोज लिहायचे आणि रोज फाडायचे. टोपली मी रिकामी करायची. तुम्ही नका लिहू."

मी माझं दीड पान खिशातून काढून त्यांच्या टोपलीत टाकलं.

२७ जानेवारी, सोमवार

'रिसालदार धनाजीराव यांचे जीवन व कार्य' रीवर्कच्या खोक्यातून काढून पासच्या खोक्यात ठेवलं. पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह खोडलं. नियम मोडला. कारखान्यात असा एकच पीस सोडला असता तर निवृत्तीपर्यंत झोप आली नसती. इथे आज दुपारी दोन तास झोपलो.

शिफारसपत्र मात्र खरं लिहायला हवं होतं. सहा खर्डे झाले. शेवटी हा: 'एका नातवाने आजोबांवर केलेल्या प्रेमाचा हा पुरावा आहे. चरित्रनायकाने चूक केल्याचे आढळत नाही. जिज्ञासू वाचकांनी पान ६३ सावकाश वाचावे.'

निरुपमाने वाचलं आणि विचारलं, "काका, पान ६३ वर काय आहे?" मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, मग जिज्ञासू वाचक काय करतील? मी म्हटलं, विचारतील.

२ फेब्रुवारी, रविवार

उद्घाटन झालं. अपेक्षेपेक्षा जास्त लोक आले, कारण शेवटी बटाटेवडे होते. परिचारिकेचं पुस्तक पहिल्या पाच मिनिटांत गेलं. पुलाच्या इंजिनियरसाठी दोघांत वाद झाला. पाल कपाटावरून पाहत होती.

धनाजीरावांना मधोमध ठेवलं. नियमाने.

इंदिराबाई टेबलाभोवती एक चक्कर मारून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "ह्यांत तरी कुठे चूक आहे? माझ्या सासऱ्यांनी काय घोडं मारलं होतं?"

मी म्हटलं, तुमचं बरोबर आहे. चूक माझी झाली.

त्यांनी मला खालून वर पाहिलं. "मग तुमचं चरित्र लिहायला हरकत नाही," म्हणाल्या आणि वडे घ्यायला गेल्या.

जयवंत फेटा बांधून आला होता. पहिल्या रांगेत बसला, सगळी भाषणं ऐकली, योग्य जागी टाळ्या वाजवल्या. मी पुस्तकांची ओळख करून देताना त्याचंही नाव घेतलं. त्याने त्यालाही टाळ्या वाजवल्या, इतरांपेक्षा कमीही नाही आणि जास्तही नाही. मला वाटलं, उशीर झाला. वहिनी त्याच्याकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

नंतर तो टेबलापाशी गेला. एक-दोन पुस्तकं उचलून ठेवली. मग मधलं उचललं. शिफारसपत्र सावकाश वाचलं, दोनदा वाचलं.

"माधव्या, हे नेऊ का घरी? बरं दिसतंय."

त्याच्या घरी माळ्यावर त्याचे गठ्ठे आहेत. मी वहिनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "न्या ना. पण नोंद करा, फुकट नाही मिळत पुस्तक."

नोंदवहीत त्याने आपलं पूर्ण नाव लिहिलं. पुस्तकाच्या पाठीवर तेच नाव, त्याच्या अंगठ्याखाली. निरुपमा काहीतरी बोलणार होती. मी तिला वडे आणायला पाठवलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

जयवंत पुस्तक परत करायला आला. मुदतीच्या एक दिवस आधी. बाहेरच्या बाकावर वहिनी थांबल्या.

"वाचलंस?"

"सगळं. रात्री विमलने वाचून दाखवलं काही, बाकीचं मी." तो खुर्ची ओढून बसला. आज आवाज स्वच्छ होता, वर्गात मागच्या बाकावरून मास्तरांच्या चुका सांगायचा तसा. "दरबाराच्या याद्या फार लांबवल्यात. सात पानं? कुणी वाचत नाही रे. मी उलटली."

मी म्हटलं, मलाही लांब वाटल्या.

"आणि हे बघ." पान ६३ ला त्याने बसचं तिकीट घालून ठेवलं होतं. "तू शिफारसपत्रात लिहिलंस म्हणून सावकाश वाचलं. घोडदळातून माणूस गवताच्या गोदामात, आणि हा म्हणतो गुणांची दखल घेतली. काहीतरी घोटाळा केलेला असणार त्या माणसाने. लेखक लपवतोय."

"का लपवत असेल?"

त्याने विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या घालून. "भित्रा नाही," तो म्हणाला. "जीव फार आहे त्याचा आजोबावर. लोक हसतील म्हणून लपवलं असेल. पण वेडा आहे. लोक हसले असते आणि मग त्यांचाही जीव बसला असता."

मी शिक्का मारून पुस्तक जमा केलं. शिक्का वाकडा बसला.

"ओळखतोस लेखकाला?" त्याने विचारलं.

"पहिलीपासून."

"मग भेटला की सांग त्याला. म्हणावं, तेवढं एक सोडलं तर चांगलं लिहिलंय. मन लावून लिहिलंय. सांगशील?"

हे वाक्य मी दसऱ्यापासून बोलायला हवं होतं. मी त्याच्याकडे तोंड करून, नीट त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "जयवंता, चांगलं लिहिलंयस. मन लावून लिहिलंयस."

तो वैतागला.

"मला काय सांगतोस? त्याला सांग."